दिसतंय, पण उघडत नाय!

...अहो, दिसतंय! दिसतंय म्हणूनच तर डोकं फिरलंय माझं! नसतं दिसलं तर म्हणले असते, जाऊ दे निशे, नशिबात नाय, आणि गप पेन ड्राइव्ह घेऊन फेऱ्या मारल्या असत्या. पण नाय! माझ्या स्क्रीनवर, हे असं, पिवळंधमक फोल्डर, खाली नाव 'जुने नकाशे', आणि क्लिक केलं की काय? 'परवानगी नाही!' आता तुम्हीच सांगा, हे फोल्डर ज्यात आहे तो कॉम्प्युटर माझ्या टेबलापासून आठ फुटांवर, खुर्ची जरा सरकवली तर हात लागतो त्याला, आणि तो मला म्हणतो परवानगी नाही! दिसतंय, पण उघडत नाय!

थांबा, हे मागच्या आठवड्यातलं, मुळापासून सांगते. जालना रोडला आमचं खासगी मोजणीचं ऑफिस. शेत मोजा, प्लॉट मोजा, ड्रोन उडवा, नकाशा काढून द्या, असलं काम. माणसं तीन, कॉम्प्युटर तीन, आणि तिघांची तोंडं तीन दिशांना! शिवराज सरांकडं मॅक. का? तर, "पार्टी आली की टेबलावर वजन दिसलं पाहिजे." कडूबाकाकांकडं विंडोज, कारण काका दुसऱ्या कशाला हातच लावत नायत. आणि माझ्याकडं लिनक्स. का? तर फुकट आहे म्हणून! मला विचारलं का कोणी? नाव घेऊ नका!

ड्रोनचे फोटो सरांच्या मॅकवर, तीस वर्षांचे जुने नकाशे काकांच्या विंडोजवर, आणि दोन्ही एकमेकांवर बसवून छापायचे कोणी? मी! म्हणजे सगळं माझ्याकडं आलं पाहिजे. येणार कसं? पेन ड्राइव्ह! दिवसाला तीस फेऱ्या, आणि त्यातली एक चुकली. पेन ड्राइव्हमधली जुनीच फाइल छापली, आणि करमाडच्या एका माणसाचा बांध गेला चार फूट शेजाऱ्याच्या गोठ्यात! शेजारी म्हशीसकट ऑफिसात यायचाच बाकी होता.

झालं. सर मंगळवारी उभे राहिले, हात मागं बांधून. "निशा, शनिवारपर्यंत तिन्ही कॉम्प्युटर जोडले गेले पाहिजेत. नाहीतर मी नेटवर्क शिकलेली मुलगी आणतो, तू आपल्या बजाजनगरच्या ऑफिसात झेरॉक्स सांभाळ."

बजाजनगर! मी राहते करमाडला, हे शहराच्या एका टोकाला आणि ते दुसऱ्या, दोन बस, वरून शेअर रिक्षा, जाता-येता चार तास. तेही सोडा. झेरॉक्स? तुम्हाला सांगते, हे लिनक्स मी मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून एकटीनं शिकले. आमच्या घरात कॉम्प्युटरला हात लावणारी पहिली मी. माझी आई गल्लीभर सांगत फिरती, "आमची निशी नकाशे काढती." त्या माउलीला काय सांगू, निशी आता झाकण उचलती आन झाकण ठेवती? म्हणलं, नाय! हे जोडल्याशिवाय आपण काय उठत नाय!

लावला मॅकवाल्याला फोन. "मॅडम, मॅक में लफडा हैच नै. वो विंडोज को बोलो, उसकीच शरारत है." लावला विंडोज दुरुस्त करणाऱ्या अतुलला. "ताई, विंडोज एकदम क्लिअर. तुमचं ते लिनक्स लई आडमुठं." आता लिनक्सवाल्याला फोन लावावा, तर त्याला फोनच नाय! फुकटच्या मालाला माणूस कुठला? इंटरनेटवर एकाला विचारलं, कुठल्या देशातला होता कोणास ठाऊक, त्यानं एका ओळीत उत्तर दिलं, आधी नीट वाच, मग विचार. अरे बाबा, वाचून वाचून तर डोळे सुजले, म्हणून विचारलं ना!

बुधवारी वायर बदलली. नेटवर्कचं नाव तिन्हीकडं एक केलं. फायरवॉल, म्हंजे कॉम्प्युटरचा वॉचमन, बंद केली, चालू केली, परत बंद केली. 'पासवर्ड विचारू नका' असा एक पर्याय सापडला, तो चालू केला, तर सरांचं मॅक शिरलं आत आणि माझं बाहेर! दुसऱ्या दिवशी विंडोजचा अपडेट आला, दोघंही बाहेर! माझी स्क्रीन विचारती, नाव सांग. सांगितलं, कडूबा. पासवर्ड सांग. आता काकांचा पासवर्डच नाय तर काय सांगू? रिकामं सोडलं. परवानगी नाही! दिसतंय, पण उघडत नाय!

आणि ह्या सगळ्यात माझ्या मागं कोण उभं? कडूबाकाका! सरांच्या वडिलांपासून ऑफिसात, मोजणीची साखळी ओढत जन्म गेला. माणूस लाखात एक. त्यांच्या टेबलाचा खालचा ड्रॉवर तीस वर्षांत कधी बंद झाला नाय. त्यात काय नाय? स्टेपलर, सेलोटेप, डोकेदुखीच्या गोळ्या, आणि मेन म्हणजे पाचोडच्या बाजारातले भाजके शेंगदाणे अन् गूळ. जो येईल तो मूठ भरून घेणार, सर घेणार, पार्ट्या घेणार, कुरिअरवाला तर पाकीट द्यायच्या आधी ड्रॉवरपाशी! काका म्हणायचे, "घे बाई, खा. डोक्याला तेल लागतं."

गुरुवारी मी हट्टाला पेटले. काकांच्याच खुर्चीत जाऊन बसले. म्हणलं, काका, तुमचं मशीन बंद करून चालू करा. काकांनी बटण दाबलं. आणि काय? काही न विचारता थेट उघडलं! ना नाव, ना पासवर्ड!

"काका, पासवर्ड का ठेवला नाय हो?"

"कशाला? मला काय लपवायचंय? ड्रॉवरला कुलूप नाय, घराच्या कवाडाला नाय, ह्या डबड्याला कशाला?"

आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला! विंडोजचा कायदाच तसा. पासवर्ड नसलेला माणूस समोर खुर्चीत बसून आत जाऊ शकतो, पण वायरीतून आला तर त्याला विंडोज माणसांतच धरत नाय! तीन दिवस मी कुलूप शोधत होते हो, आणि कुलूप नाय हाच तर सगळा बखेडा!

म्हणलं, काका, एक पासवर्ड टाका, खलास. तर काकांचा चेहरा असा पडला की मलाच पाप लागल्यासारखं झालं. "म्हंजे? तीस वर्षांनी टेबलाला कुलूप? कोणावर इश्वास नाय माझा? लोक काय म्हणतील, म्हातारा चोरून ठेवायला लागला?"

शुक्रवार अख्खा समजावण्यात गेला. गोडीनं सांगितलं, रागानं सांगितलं, हात जोडले. नाय म्हणजे नाय! शेवटी पाच वाजता मी पर्स उचलली आणि सगळं सांगून टाकलं. काका, उद्या शनिवार. हे नाय झालं तर सोमवारपासून मी बजाजनगरला. झेरॉक्सवर.

काकांनी ड्रॉवरमध्ये हात घातला. दोन शेंगदाणे तोंडात टाकले. सावकाश चावले.

"झेरॉक्स? तू?... सरक. आन तोंड फिरव तिकडं."

म्हणलं, पासवर्ड कोणाला सांगायचा नाय बरं का, आणि भिंतीकडं तोंड केलं. मागून एका बोटाचा आवाज. टक्... मग लई वेळ काही नाय... टक्... अहो, चार अक्षरांना माणूस किती वेळ घेतो! मग मी माझ्या मशीनवर नाव टाकलं, म्हणलं, काका, आता पासवर्ड सांगा.

"वा! आत्ताच तर म्हणली, कोणाला सांगायचा नाय."

आले, मला परत भिंतीकडं वळवलं, स्वतः टाकला. टक्... टक्... आणि उघडलं! तीस वर्षांचे नकाशे, सगळे, माझ्या स्क्रीनवर! खोटं कशाला सांगू, रडले मी. काका म्हणाले, "येडी का काय?" आणि गूळ दिला.

शनिवारी सर आले. मॅकवर फोल्डर दिसलं, क्लिक केलं, पासवर्ड मागितला. केबिनमधून ओरडले, "काका, पासवर्ड काय?" काका जागेवरून म्हणाले, "तसा सांगत नसत्यात." आणि मग, तुम्हाला सांगते, जे सर इतक्या वर्षांत काकांच्या टेबलापाशी फक्त शेंगदाण्याला आले, ते उठून आले, आणि हळूच म्हणाले, "काका, जरा येता का?"

काकांची मान अशी ताठ झाली! जाता जाता माझ्या कानाशी म्हणाले, "निशे, तीस वर्षं सगळं उघडं ठेवलं, कोणी विचारलं नाय. चार अक्षरं लपवली तर मालक चालत आला."

मला बरं वाटलं हो! म्हणलं, म्हाताऱ्याला मान मिळाला. मला काय ठाऊक, पुढं काय वाढून ठेवलंय!

आता रोज सकाळी दहाला काका आधी माझ्याकडं येतात, मग सरांकडं. 'पासवर्ड लक्षात ठेवा' ह्यावर खूण करू देत नायत. "तोंड फिरवा!" म्हणलं की मी भिंतीकडं, सर भिंतीकडं, आणि पार्टी बसलेली असली तर तीही भिंतीकडं! टक्... टक्... दहा मिनिटं! पण नेटवर्क? एक नंबर! तिन्ही कॉम्प्युटर सख्ख्या भावंडांसारखे!

आणि सोमवारी जेवणानंतर मी सवयीनं काकांच्या टेबलापाशी जाऊन हात खाली घातला... ड्रॉवरला कुलूप! नवंकोरं, पितळी! "काका, हे काय?" "तूच शिकवलं ना बाई. ज्याला कुलूप नाय, त्याला कोणी माणसांत धरत नाय." कुरिअरवाला दोन दिवस पाकीटच द्यायला येईना!

परवा सरांनी केबिनमध्ये बोलावलं. म्हणलं, आलं! पगारवाढ आली! "निशा, बजाजनगर विसर. तुझ्याइतकी हुशार मुलगी मला मिळायची नाही." मी मान खाली घालून हसले. सरांनी दार लोटलं, आवाज बारीक केला, "आता तेवढं ड्रॉवरचं बघ. शनिवारपर्यंत."

बसलेय आता. आठ फुटांवर ड्रॉवर. फटीतून शेंगदाण्याची पुडी... काय सांगू तुम्हाला... दिसतीय, पण उघडत नाय!