सुरूखालची माती

कीर्तनाचं नमन चुकू नये म्हणून मीराताई लगबगीनं आगाशीच्या थांब्यावर आल्या. शेजारी एक वाडीवाले नवराबायको बोलत होते.

"आज लाकूडवाल्याला सांगतोच. सुरूची झाडं तोडायची आणि तिथं पानवेल लावायची."

"अहो, वाळूत पानवेल?"

"आता वाळू कुठली? काल ओली माती मुठीत दाबली, तर लाडू वळला! झाडं लावल्याचं पुण्य."

"पुण्य माझ्या गॅसचं! चूल होती तोवर सगळा पाला मी झाडून जाळत होते. आता तो तिथंच कुजतो."

"असेल बाई."

"मग झाडंच गेली, तर पाला कुठला? आणि वेल चढवणार कशावर, तुमच्या खांद्यावर?"

"सुरूवर चढेल म्हणतेस?"

"चढवून तर बघा."

एसटी आली.

"चढा. लाकूडवाला वाट बघत असेल."

"बघू दे. तू घरी चल."

एसटीत मीराताई एकट्याच चढल्या.