डोकं आपलं आपण आणायचं

…नाही, पण कोणी विश्वास ठेवला माझ्यावर? एकानं तरी? घसा फोडून सांगत होते, पोरगी आळशी नाही, पोरगी आळशी नाही, तिच्या डोक्यात काहीतरी वेगळंच चाललेलं असतं… तर ऐकतंय कोण! तुम्ही नवीन दिसता, म्हणून तुम्हाला सांगते. बसा हो. ती खुर्ची घ्या, हिचा पाय हलतो. आत वेळ लागतो, कोचबाईंकडे आत गेलेलं माणूस लवकर बाहेर येत नाही. आणि मला जरा बोलू द्या बरं का, कारण घरात मला बोलायची बंदी आहे. हो, बंदी! माझ्याच घरात! आमच्या मुलीचा वार मंगळवार असतो. आज गुरुवार आहे, माहितीय मला. ते नंतर सांगते.

तुमचा कोण, मुलगा? किल्ल्या हरवतो? अहो, किल्ल्यांचं काय घेऊन बसलात! आमची भिंगरी… नाव वेगळंय तिचं, पण रांगायला लागली तेव्हापासून भिंगरीच… आता अठराची आहे. एकदा कॉलेजला जायच्या घाईत आंघोळीला गेली, मी बाहेरून ओरडतेय, बस गेली, दुसरी बस गेली, शेवटी दार ढकललं तर नळ सोडलेला, आणि ही बाई खाली बसून दात घासायच्या जुन्या ब्रशनं फरशीच्या फटी घासतेय! कॉलेज बुडालं, पण फटी अशा लख्ख की सांगता सोय नाही. आता मला सांगा, आळशी माणूस फटी घासतो का?

पण नाही. शाळेतल्या बाई चष्मा नाकावर घेऊन, "हुशार आहे हो, पण मनावर घेत नाही." आमचे हे, "तूच लाडावून ठेवलीयस." आणि वन्सं, म्हणजे माझी नणंद, ह्यांची बहीण, आमच्याकडेच राहते, वेणीवरून हात फिरवत, "आमच्या घराण्यात बाई असं कोणी नव्हतं." वेणी म्हणजे कमरेखाली हं. कोणाला हात लावू देत नाहीत. केस धुतले की वाळेपर्यंत घरातला पंखा त्यांच्या मालकीचा.

शेवटी मीच तिला डॉक्टरकडे नेलं, ह्यांनाही ओढत. त्यांनी सगळं विचारून, तपासून नाव सांगितलं, एडीएचडी. म्हणजे लक्ष एका जागी टिकत नाही, आणि टिकलं की तिथून सुटत नाही. मी म्हटलं, हेच! हेच सांगत होते मी! मग डॉक्टर म्हणाले, "हे बऱ्याचदा रक्तातून येतं. घरात आणखी कोणाला असं होतं का?" मी क्षणाचा विचार केला नाही, सरळ ह्यांच्याकडे बोट दाखवलं. दूध आणायला जाऊन शाम्पू घेऊन येणारा माणूस! हे म्हणाले, "अगं, पण…" मी म्हटलं, गप्प बसा, डॉक्टर लिहितायत.

माझं तसं नाही. माझं कपडे लहानमोठे करून द्यायचं दुकान आहे, चेन बदलणं, कंबर कमी करणं, अस्तर लावणं. मी एका पँटचा एक पाय दुमडला की मला एखाद्या कोटाचं अस्तर आठवतं, अस्तर हातात घेतलं की कोणाच्या तरी शर्टाची बटणं आठवतात, मग गिऱ्हाईक येतं आणि बघतं तर पँटचा एक पाय आखूड नि एक लांब, ते बोंबलतं… पण उरक बघा ना! दहा कामं एका वेळी! ह्याला उरक म्हणतात. फक्त परवा माझी मोठी कात्री फ्रिजमध्ये सापडली. वन्संनीच ठेवली असणार, दुसरं कोण ठेवतंय!

काय सांगत होते मी? हां, कोचबाई. डॉक्टर म्हणाले, हिला कोचकडे पाठवा. मला वाटलं, गळ्यात शिट्टी असेल, पळायला लावतील. तर ही साधीशी बाई, आवाज इतका हळू की आपणच पुढं वाकायचं. म्हणाल्या, "औषधाचं डॉक्टर बघतील. मी तिच्याबरोबर बसून रोजचा दिवस कसा पार पाडायचा एवढंच ठरवते." बरं. भिंगरी जायला लागली. आणि एके दिवशी घरी येऊन सांगते, "आई, पुढच्या वेळी तुम्हा सगळ्यांना बोलावलंय." मला? मला काय झालंय?

गेलो. कोचबाई मला म्हणतात, "सकाळी तुम्ही हिला जे बोलता ते इथं बोलून दाखवा." मी काय लाजतेय होय! सुरू केलं, "उठलीस का, अगं उठलीस का, काल रात्री कोणी सांगितलं होतं जागायला, तोंड धू, ओला टॉवेल गादीवर टाकू नकोस, परवा टाकलास तो अजून वास मारतोय, डबा घे, किल्ली घे, त्या दिवशी किल्ली विसरलीस आणि आत्या खालीच बसली जिन्यात, तुला काही वाटतं का…" थांबवलं मला. भिंगरीला विचारलं, "यातलं तुला काय ऐकू येतं?" ती खाली बघून म्हणाली, "'उठलीस का' एवढं. पुढं मिक्सर लावल्यासारखं."

मिक्सर! अठरा वर्षं मी जिवाच्या आकांतानं बोलतेय आणि पोरीला मिक्सर ऐकू येतोय!

तेव्हापासून बंदी. जे हवं त्याचा एकच शब्द बोलायचा आणि थांबायचं. "डबा." झालं. "किल्ली." झालं. काही बिघडलं तर 'कोणी केलं' म्हणून विचारायचं नाही, 'आता काय करायचं' एवढंच विचारायचं. आणि परीक्षेच्या दिवशी तर तो एक शब्दसुद्धा नाही. "तिची युक्ती तिला लावू दे," म्हणे. "चुकली तर सावरूही दे."

परीक्षा म्हणजे केस कापायची. हसू नका. त्याआधी दोन कोर्स सुटले होते तिचे, एकातून हजेरीवरून काढलं, एकातून स्वतःच उठून आली. हा तिसरा. कोपऱ्यावरची पार्लरवाली म्हणाली होती, पास हो, दुसऱ्या दिवशी माझ्याकडे कामाला ये. आणि एकदा माझ्या दुकानात बटणं निवडत बसली असताना भिंगरी म्हणाली, "आई, इथूनपण नाव कमी झालं ना, तर मला परत कुठं घालू नकोस. मी इथंच बटणं लावीन." रडली नाही हो. रडली असती तर मी चार शब्द सुनावले असते, जवळ घेतलं असतं. ती नुसती लाल बटणं एकीकडे, निळी एकीकडे करत राहिली.

म्हणून मी बंदी पाळली. नाहीतर मी आणि गप्प?

आणखी एक काम दिलं होतं कोचबाईंनी, सोबतीला बसायचं. ती सराव करते तेव्हा त्याच खोलीत आपलं काम घेऊन बसायचं. बोलायचं नाही, बघायचं नाही, शिकवायचं नाही. मी म्हटलं, ह्याचा उपयोग काय, खुर्चीसुद्धा बसतेच की खोलीत! पण बसले. हातात शिवण, समोर ती आणि ते डोकं. सरावाचं डोकं असतं त्यांचं, रबराची मान, रबराचं तोंड, वर खरे केस. पहिल्या संध्याकाळी माझ्या घशाशी एवढे शब्द आले की ठसका लागला. मग हळूहळू… काय सांगू तुम्हाला… मला तिचे हात दिसायला लागले. एक बट उचलायची, दोन बोटांत धरायची, उजेडाकडे न्यायची, कच्. घाई नाही, धांदल नाही. ही माझी भिंगरी? इतकी वर्षं मी ह्या हातांतून काय काय पडतं तेच मोजत होते.

आणि काम आटोपल्यावर म्हणते, "आई, तू अशी बसलीस ना, की माझं डोकंपण बसतं जाग्यावर."

मला चौथीतल्या बाई आठवल्या. माझ्या हो, चौथीतल्या. आमच्या आईला बोलावून म्हणाल्या होत्या, "हिचं सगळं लक्ष खिडकीबाहेर. वर्ग वाया." आईनं माझं दप्तर उचललं नि मला शिवणाला बसवलं. मी सांगत होते, मला ऐकू येतं बाई, मी बाहेर बघताना पण ऐकते… जाऊ दे. माझ्या शेजारी कोण बसणार होतं तेव्हा!

तर परीक्षा. त्यांच्या कोर्सच्या मॅडमनी बजावलं होतं, "डोकं आपलं आपण आणायचं. रबराचं आणा, नाहीतर जिवंत माणूस आणून बसवा, आमची हरकत नाही. पण डोक्याशिवाय आलात तर परत पाठवीन." भिंगरी म्हणाली, परीक्षा नऊला. डोकं पिशवीत घालून पिशवी दारात चपलांवर ठेवली, म्हणजे विसरायची सोयच नाही. सकाळी आली, चपला घालायला पिशवी उचलून खुर्चीवर ठेवली, तेवढ्यात मैत्रिणीचा फोन, "हो गं, निघालेच!"… आणि गेली. पिशवी खुर्चीवर.

आम्ही तिघंही समोर! ह्यांच्या हातात चहा, वन्संच्या हातात कंगवा, माझ्या गळ्यात टेप. तिघांनी पिशवीकडे बघितलं, तिघांनी दाराकडे बघितलं, आणि तिघांनी तोंडं मिटून घेतली. का? बंदी! दार लागलं.

मी म्हटलं, "अहो, तुम्ही का नाही बोललात?"

हे म्हणतात, "बोललो असतो तर तूच खाल्लं असतंस मला."

"आणि वन्सं, तुम्ही? जन्मात कधी गप्प बसला नाहीत, आजच मुहूर्त सापडला?"

"मला वाटलं, तिची युक्ती असेल," वन्सं म्हणाल्या.

युक्ती! पोरीचं सगळं आयुष्य खुर्चीत बसलंय पिशवीत, आणि युक्ती! गेली तुमची ती बंदी खड्ड्यात, म्हटलं, पिशवी उचलली आणि धावले. स्टॉपवर भिंगरी नाही. बस आली, चढले. डोकं घेतलं मांडीवर, पिशवीतून केस बाहेर आलेले, समोरचा माणूस उठून मागे जाऊन बसला.

आणि शेजारची बाई. तिच्या कोटाचं अस्तर उसवून असं लोंबत होतं. आता मला सांगा, सुई कायम माझ्या कॉलरला टोचलेली असते, दोरा ओवलेला असतो, समोर अस्तर लोंबतंय, मी काय डोळे मिटून बसू? म्हटलं, "बाई, हात जरा वर करा." डोकं ठेवलं बाजूच्या सीटवर. चालत्या बसमध्ये अशी तुरपाई घातली, एक टाका बाहेरून दिसेल तर शपथ! ती बाई खूश, मी खूश, मान वर केली तर शेवटचा स्टॉप. घाबरून उतरले. बस वळली. आणि खिडकीतून ते डोकं माझ्याकडे बघत बघत निघून गेलं.

आता इकडं काय झालं ते ऐका. भिंगरी स्टॉपपर्यंत गेलीच नव्हती. कोपऱ्यावरच्या दुकानाच्या काचेसमोर थांबायची तिची रोजची सवय, कोचबाईंबरोबर ठरवलेली, की तिथं स्वतःला बघायचं, खांद्याला, खिशाला, हाताला हात लावायचा. हाताला लावला, पिशवी नाही. मागच्या गल्लीतनं परत फिरली. आणि वेळ होता तिच्याकडे, भरपूर! कारण परीक्षा दहाला होती. आम्हाला मुद्दाम नऊ सांगितलं होतं, "मी मला ओळखते ना, आत्या," म्हणे. घरात येते तर पिशवी नाही.

"आई घेऊन धावली," हे म्हणाले.

मला फोन लावला. वाजला. कुठं? घरच्याच शिलाई मशिनवर, कापडाच्या ढिगाखाली.

वन्सं सांगतात, पोरगी पांढरी पडली. खुर्चीवर बसली. आणि मग स्वतःशीच म्हणाली, "आता काय करायचं?" कोणी केलं नाही म्हणाली हो. आता काय करायचं. आणि मान वर करून वन्संकडे बघत राहिली. त्यांच्या वेणीकडे.

"आत्या, चल."

आणि वन्सं उठल्या! पंख्याच्या मालकीणबाई! त्या म्हणाल्या, "कमी काप हं." ती म्हणाली, "नाही आत्या, नीट कापीन."

मी तिथं पोचले तेव्हा सगळं आटोपलेलं. पायात दोन वेगळ्या चपला, गळ्यात टेप, सुईत त्या बाईच्या कोटाचा दोरा, हात रिकामे. समोर कोणीतरी देखणी बाई उभी, मानेपर्यंत केस, मी ओळखलंच नाही… वन्सं! आणि मागून भिंगरी, एप्रनवर केसच केस, "पास झाले." मी तोंड उघडलं. किती साठलं होतं! पिशवी खुर्चीवर कोणी ठेवली, तुम्ही का गप्प बसलात, दहाचं नऊ कोणाला विचारून केलंस… आणि आठवलं, कोणी केलं हे विचारायचं नाही. मिटलं तोंड. मिटल्या तोंडानं रडता येतं, हे मला तेव्हा कळलं.

आता ती पार्लरमध्ये जाते. उशीर होतो अजून, नाही असं नाही. पार्लरवाली कुरकुरते. पण ठेवलंय.

हां, गुरुवारचं सांगायचं राहिलंच. पुढच्या मंगळवारी आम्ही सगळे कोचबाईंसमोर. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, डोक्याची बस गेली तिथं जरा हसल्या, आणि तेच विचारलं, डॉक्टरांनी विचारलं होतं ते. "घरात आणखी कोणाला असं होतं का?" मी लगेच ह्यांच्याकडे बघितलं. हे पंख्याकडे बघत होते. वन्सं नव्या केसांवरून हात फिरवत होत्या. दोघंही गप्प! म्हटलं, "आता बोला की! आता कुठं बंदी आहे?" तेव्हा भिंगरीनं माझ्या गळ्यातली टेप काढली, नीट गुंडाळली, माझ्या मांडीवर ठेवली, त्यावर हात ठेवला, आणि शिकवलं होतं तसं, अगदी हळू, एकच शब्द बोलली नि थांबली.

"आई."