दोन इंच आत

लेक : दोनशे अकरा! तेही उपाशीपोटी! बाबा, काय काय खाल्लंत चोरून?

बाबा : काही नाही गं. शपथ घेऊ?

लेक : शपथा राहू द्या. दोन महिन्यांनी घरी येते आणि हे बघायचं? या यंत्रात सगळं राहतं, तारखेसकट. आधी अठ्ठ्याण्णव, एकशे दोन. मग एकशे चाळीस, एकशे सत्तर, आणि आज सकाळी हे. आई, फोनवर तर तू मला रोज शंभरच्या आसपास सांगायचीस!

आई : ऐकण्यात चूक झाली असेल तुझी.

लेक : रोज?

बाबा : अगं, यंत्रच बिघडलं असेल.

लेक : आत्ताच स्वतःची साखर मोजली मी. ब्याण्णव. यंत्र ठणठणीत आहे. आणि ती कात्री ठेवा खाली.

बाबा : चाळीस कोट द्यायचेत दवाखान्याला. अजून काजं व्हायचीत, बटणं लावायचीत.

लेक : होतील. रात्री कितीदा उठता?

बाबा : एकदाही नाही. ढाराढूर झोपतो. हीच उठते तीन-तीनदा, माझी झोप मोडते.

लेक : तहान लागते सारखी?

बाबा : छे.

लेक : पायाला मुंग्या? डोळ्यांपुढे अंधूक?

बाबा : सुईत दोरा एका फटक्यात ओवतो. दाखवू?

लेक : नको. मग ही साखर काय आभाळातून पडते? आई, किती पाणी पितेस! तिसरा ग्लास झाला. बस इथे आणि खरं सांग. तूच देतेस ना यांना काहीबाही?

आई : मी कशाला देऊ?

लेक : टॉवेलांच्या मागे बिस्किटांचा पुडा सापडला मला.

आई : तो पाहुण्यांसाठी.

लेक : टॉवेलांच्या मागे? अर्धा संपलेला?

आई : बरं बाई, देते मीच. झालं समाधान?

लेक : आई! अगं, उद्या डॉक्टर हा आकडा बघतील आणि यांना इन्शुलिन सुरू करतील. काही वाटतं का तुला? लाड करून मारायचंय का यांना?

बाबा : तिला बोलू नकोस.

लेक : बोलणार. तुम्हीही सामील आहात.

बाबा : तिनं मला कणभरसुद्धा दिलेलं नाही.

आई : अहो, तुम्ही गप्प बसा.

बाबा : लेकीच्या शिव्या तू खायच्या आणि मी गप्प बसू?

लेक : काय शिजतंय तुमचं दोघांचं? बाबा, हात बघू.

बाबा : हातात काय बघायचंय?

लेक : बोटं. तीन महिने रोज टोचताय म्हणता, मग एक खूण कशी नाही? … आई, हात मागे का नेलेस?

(आई हळूच दोन्ही हात पुढे करते.)

लेक : अगं आई गं. ही सगळी तुझी बोटं?

बाबा : मीच सांगितलं तिला. पहिल्याच दिवशी माझ्या बोटाचा थेंब पडला कोटावर. पांढराशुभ्र कोट, ऐन कॉलरवर डाग. अख्खा कोट वाया गेला. म्हटलं, तुझं बोट दे. लेकीला आकडा कळवायचा, एवढंच तर होतं. मी तो आकडा बघायचोही नाही.

लेक : आणि तो आकडा बघून डॉक्टरांनी तुमची गोळी अर्धी केली! म्हणजे तुमची खरी साखर किती, देवालाच ठाऊक.

बाबा : चुकलं माझं.

लेक : थांबा. मग आजचे दोनशे अकरा…

आई : वाटलं, उतरेल आपोआप.

लेक : तुला माहीत होतं?

आई : तीन आठवडे झाले. सांगितलं असतं, तर यांची लबाडी उघडी पडली असती. शिवाय घरात एकाचं दुखणं पुरे म्हटलं. भूकच अशी लागायची की… ती बिस्किटं मीच खाल्ली.

बाबा : आणि मला एका शब्दानं सांगितलं नाहीस?

आई : भीती वाटली हो.

लेक : आता ऐका. उद्या सकाळी दोघांनीही काही न खाता दवाखान्यात यायचं. दंडातलं रक्त देऊ, उसनवारी बंद. आणि बाबा, आत्ता बोट पुढे करा.

बाबा : कोट बाजूला ठेव गं सगळे. घे. कुठलंही घे.

लेक : झालं. कापूस धरा. रडताय काय? एवढं दुखलं?

बाबा : दुखतंय कुठे! या दोन महिन्यांत हिचे कपडे दोनदा आत घेतले मी. आधी एक इंच, मग आणखी एक. टेप माझ्याच हातात होती. आणि म्हणालो काय, तर या वयात नवरीसारखी बारीक झालीस.

आई : मला आवडलं होतं ते.