आधी वास घ्या

— उंदीर? चीजमधली भोकं उंदीर पाडतात? अहो ताई, कुणी सांगितलं तुम्हाला हे? लहानपणीच्या पुस्तकातलं चित्र? वाटलंच मला. उंदरानं माझ्या दुकानात पाऊल तर टाकून बघावं — तळघराच्या दाराशी मांजर बसलेलं असतं, आणि मांजर नसलं तर मी असते. भोकं वायूची असतात. दुधातले बारीक जीव आत बसून वायू सोडतात, त्याचे बुडबुडे, झालं. उंदराचा काय संबंध? पण नाही, लोकांना उंदीरच पाहिजे. तुमच्या आधी एक बाई आल्या, निळ्या शिरा बघून म्हणाल्या, अगंबाई, ह्याला तर बुरशी आलीय! म्हटलं, आली नाहीय, मी घातलीय, लेकरासारखी वाढवलीय. तर वासही न घेता तरातरा निघून गेल्या. आणि काहींना नुसतं पिवळंधमक हवं असतं. पिवळं म्हणजे अस्सल म्हणे! कपाळ माझं. रंग असतो तो, कुणीही घालावा. डोळ्यांनी चीज घेणाऱ्यांची मला कीवच येते.

या, पुढे या. हात नका लावू, आधी वास घ्या. वास घेतल्याशिवाय इथं कुणाला काही मिळत नाही, दुकानाचा नियमच आहे — नवीन आहे, पण आहे. हं? काहीच नाही? भुवईसुद्धा हलली नाही तुमची! बरं, हे घ्या, धुतलेल्या सालीचं — मिठाच्या पाण्यानं साल पुसत पुसत मुरवलेलं. ह्याला भलेभले नाक मुरडतात — ओले मोजे म्हणे, गोठा म्हणे. वास मारतो म्हणजे नासलं, हा आणखी एक अडाणीपणा. बाहेरून नुसती बोंब, आत सायीसारखं मऊ, आमच्या सासऱ्यांसारखं. समोरचे शिंपीकाका तर दारातूनच मागे फिरतात. त्यांनी रुमाल काढला की मी समजते, आज तयार झालं — म्हणजे, गंमत म्हणून हो. मला कळतंच की. मला नाही कळणार?

सासरे म्हणायचे, माझ्या दोन्ही पोरांना मिळून जेवढं नाक नाही तेवढं ह्या सुनेला आहे. जाताना चीज मुरवायच्या तळघराची किल्ली माझ्याच हातात ठेवली त्यांनी. आमच्या ह्यांना त्याचं काही नाही, ते बिचारे दूध आणतात आणि पेपर वाचतात. पण धाकट्या भाऊजींच्या पोटात तेव्हापासून दुखतंय. त्यांना तळघर बंद करून इथं पाकिटातल्या चौकोनी चकत्या विकायच्यात. रबर नुसतं! त्याला चीज म्हणणाऱ्यांच्या अकलेबद्दल काय बोलावं? आज येतायत ते, येतीलच आता. हे चाक — हो, ह्या थोरल्या गोलाला आम्ही चाकच म्हणतो — सासरे गेल्यावर मी एकटीनं केलेलं हे पहिलं, ते त्यांच्यासमोर कापायचंय. आतून बिघडलेलं निघालं तर किल्ली त्यांची, असं मीच तावातावानं बोलून बसले. थंडीत मला तो ताप आला, त्याच्या आधी. तेव्हा काय हो, वरच्या पायरीवरून नुसत्या वासावर सांगायची मी, कुठल्या फळीवर काय बिघडलंय ते.

थांबा, ते धुतलेल्या सालीचं घट्ट झाकून ठेवते, नाहीतर त्याच्यापुढे दुसरं काही कळायचं नाही. हं, आता हे. पोकळ सळई चाकात खुपसून आतलं काढलंय थोडं. ठोकून बघितलंय मी, आवाज ठीक आहे. चाखलंही — नुसतं मीठ. म्हणजे, मीठ बरोबर पडलंय म्हणायचंय मला! अशा काय बघताय? तोंड बघू नका माझं, वास घ्या. नाकाजवळ धरा, अजून जवळ. आंबूस येतोय का? ओकारीसारखा? खरं सांगा ताई, पाया पडते तुमच्या. घरात कुणाला विचारू? ह्यांना विचारलं तर संध्याकाळपर्यंत भाऊजींच्या कानावर. आणि मग मी काय करायचं, पाकिटं फोडत बसायचं?

काहीच नाही येत? नक्की? अहो, मग चांगलंच आहे! बिघडलेलं असतं तर तुम्ही इथं उभ्याच राहिला नसतात. बघितलंत? नाकाचं एवढं काय घेऊन बसायचं, हात तर माझेच आहेत! म्हणे बाईमाणसाला एकटीला जमणार नाही. येऊ दे भाऊजींना, त्यांच्या नाकावर टिच्चून कापते. काय शोधताय पर्समध्ये? रुमाल?

काय?

सर्दी? कधीपासून? अहो, मग मघापासून हुंगताय काय इथं उभं राहून? आधी नाही सांगायचं? उंदीरपुराण सांगायला बरं तोंड होतं तुम्हाला — सरका, सरका बाजूला, दार वाजलं.

या भाऊजी. या ना आत. दारातच का थांबलात? आणि नाकाला रुमाल कशाला —

ते धुतलेल्या सालीचं तर मी झाकून ठेवलंय.

ताई, तुम्ही जा आता.