कोवळ्या ज्वारीतली मेंढरं

(टेंभुर्णीच्या शिवारात मेंढरांचा वाडा. टळटळीत दुपार. आबाचे दोन नातू, चुलतभाऊ: सुग्रीव मातीत पडलेला, परमेश्वरच्या हातात काठी.)

परमेश्वर: ऊठ. एका काठीत आडवा झाला व्हय? ऊठ, अजून झालं न्हाई माझं.

सुग्रीव: दात हाललाय माझा, परम्या.

परमेश्वर: हालू दे. आबाचा खुबा मोडला व्हता. खाटंवरून पडला तव्हापासून चार दिवस तो सुग्र्या, सुग्र्या करत राह्यला. आन् तू कुठं व्हता?

सुग्रीव: माहीत आहे न तुला. मंग काहून विचारतो?

परमेश्वर: तुझ्या तोंडून ऐकायचंय. घरी काय सांगून गेल्ता?

सुग्रीव: कंपनीची ट्रेनिंग आहे नाशिकला.

परमेश्वर: आन् गेला कुठं?

सुग्रीव: थायलंडला. दोस्त पप्पू अन् आमच्या सळईच्या कारखान्यातले चौघं. सहा महिन्यांपासून ठरलं व्हतं आमचं. घरी सांगितलं असतं तर कोणी जाऊ दिलं असतं का?

परमेश्वर: आम्ही म्हताऱ्याच्या तोंडात चमच्यानं पाणी सोडून राह्यलो, आन् पप्पूच्या स्टेटसवर तू. हत्तीवर बसलेला, फुलाफुलाचा सदरा घालून. माझ्या मायनं पाह्यलं. तुझ्या बापानं पाह्यलं. फोन भिंतीवर फेकला त्यानं. मी त्याच दिवशी तुला मेसेज टाकला. 'आबा पडला, लवकर ये.' खरं सांग, पाह्यला व्हता का न्हाई?

सुग्रीव: पाह्यला.

परमेश्वर: कधी?

सुग्रीव: तव्हाच. बोटीवर व्हतो. पाह्यला अन् फोन पालथा ठेवला.

परमेश्वर: काय म्हणला?

सुग्रीव: पालथा ठेवला म्हणलो. मंग पाण्यात उतरलो. पोरं मासे दाखवत व्हती, मी बी पाहत व्हतो. ऐकायचं व्हतं न तुला? घे आता, मार.

परमेश्वर: तुझ्या मायला तुझ्या.

सुग्रीव: पाठीवर मार. डोक्यावर नको. मायला तोंड दाखवायचंय मला.

परमेश्वर: विमानातून उतरून पाच दिवस झाले तुला. जालन्याहून टेंभुर्णी दीड तासाचा रस्ता. पाच दिवस खोलीत काय करून राह्यला? उद्या दहावा, आन् तू आज दुपारी पाहुण्यासारखा येतो. घरी बी न्हाई गेला, हितं वाड्यावर आला.

सुग्रीव: रोज जालन्याच्या बसस्टँडवर जात व्हतो. गाडी लागली की माघारी फिरत व्हतो. हितं आलो कारण तू हितं असशील. तू मारशील हे माहीत व्हतं. एकदाचं होऊन जाऊ दे म्हणलं, मंग घरात जाईन.

परमेश्वर: मंग घे.

सुग्रीव: आई गं. बस आता. परम्या, बस.

परमेश्वर: बस? म्हताऱ्यानं तुला काय कमी केलं व्हतं?

सुग्रीव: काय कमी केलं? हे बघ. इकडं बघ, ह्या कानाकडं. काठी मला मारतो अन् हा कान इसरतो का तू? सोळा वर्षं झाली, डाव्या बाजूनं मला काही ऐकू येत न्हाई. कारखान्यात क्रेन डावीकडून आली तर लोक धरून ओढतेत मला. कोणी केलं हे? ज्याच्यासाठी तू मला लवकर ये म्हणला त्यानंच न?

परमेश्वर: तू मेंढरं मारली व्हती.

सुग्रीव: मी न्हाई मारली. तव्हाबी ओरडून सांगत व्हतो, मी डबा आणायला विहिरीवर गेल्तो. कोणी ऐकलं? नऊ मेंढरं कोवळ्या ज्वारीत शिरली, तोंडाला फेस येऊन पटापटा पडली. अन् आबा आला तो सरळ माझ्यावर. अजून लोक मला मेंढरमाऱ्या म्हणतेत. लग्नात, मयतीत, कुठंबी.

परमेश्वर: जुनं काहून उकरतो?

सुग्रीव: काहून न्हाई उकरायचं? पाण्यात उतरलो तव्हा बी माझ्या डोक्यात तेच व्हतं. म्हणलं, बघ म्हताऱ्या, आता तू बोलव अन् मला ऐकू येऊ नये. असं म्हणलो मी. अन् दोन दिवसांनी तो मेला. तुला वाटतं का मला झोप लागती?

सुगंधाबाई: कोण ओरडून राह्यलं? अगं बया. परम्या, टाक ती काठी.

परमेश्वर: माय, तू घरी जाय.

सुगंधाबाई: मला घरी धाडू नको. तुला जेवायला बोलवायला आले तर हितं रगताचा सडा. सुग्रीव, बस लेकरा. हा पदर धर व्हटाला.

सुग्रीव: काकू, पाया पडू नको म्हणाल तर न्हाई पडणार. पण मी...

सुगंधाबाई: काही बोलू नको. किती वेळ मारून राह्यला हा?

सुग्रीव: मारू द्या. चूक माझी आहे.

सुगंधाबाई: तुझी आहे, मला माहीत आहे. माझ्या मनात बी राग आहे तुझा, तो मी न्हाई लपवत. पण ज्याला मारायचा हक आहे त्यानं मारावं. परम्या, सांगितलं का त्याला?

परमेश्वर: माय.

सुगंधाबाई: नऊ दिवस झाले. मी तुझ्या तोंडाकडं बघून राह्यले. आता तू सांगतो का मी सांगू?

सुग्रीव: काय सांगायचं राह्यलं?

सुगंधाबाई: मामाचा जीव जाईना, सुग्रीव. तुझ्या आबाचा. डोळ्याला तर काही दिसतच नव्हतं दोन वर्षांपासून. नुसतं तुझं नाव. तर मीच ह्याला म्हणलं, तू बस जवळ, म्हण मी सुग्र्या आलो. आंधळ्याला काय कळतं. माझीच अक्कल ती. ह्यानं हात धरला, म्हणला, आबा, आलो मी.

सुग्रीव: माझ्या नावानं?

परमेश्वर: तू नव्हता न. मंग कोण्या नावानं बसायचं?

सुग्रीव: काय बोलला तो?

परमेश्वर: काही न्हाई. पाणी मागितलं.

सुगंधाबाई: मी दारात उभी व्हते, परम्या. सगळं ऐकलंय मी.

सुग्रीव: परम्या, माझ्याकडं बघ. तो माझ्याशी बोलला. ते माझं आहे. काय बोलला?

परमेश्वर: ज्वारीचं बोलला.

सुग्रीव: काय?

परमेश्वर: म्हणला, सुग्र्या, तू न्हाई घातली मेंढरं ज्वारीच्या फुटव्यात. मला दुसऱ्याच दिवशी कळलं व्हतं. बांधाच्या आतल्या अंगाला घोंगडी सापडली.

सुग्रीव: कोणाची घोंगडी?

परमेश्वर: मला लांब गायरानात न्यायचा कंटाळा आल्ता. ज्वारी कापलेली, हिरवागार फुटवा दिसून राह्यला. म्हणलं, घटकाभर चरतील, पोट भरंल. आबानं लाख बार सांगितलं व्हतं, कोवळी ज्वारी विखारी असती, जनावर जागेवर मरतं. मला खोटं वाटलं. घोंगडी टाकून पडलो. झोप लागली.

सुग्रीव: तुझी घोंगडी.

परमेश्वर: बारा वर्षांचा व्हतो मी.

सुग्रीव: मी कितीचा व्हतो? मी कितीचा व्हतो रे?

परमेश्वर: आबा काठी घेऊन पळत येताना दिसला. माझ्या तोंडातून तुझं नाव निघून गेलं.

सुगंधाबाई: सुग्रीव. सुग्रीव, गळा सोड त्याचा.

सुग्रीव: काकू, बाजूला व्हा.

सुगंधाबाई: काळा पडून राह्यला तो. सोड.

सुग्रीव: सोळा वर्षं माझ्यासंगं जेवला हा. माझ्या लग्नात नाचला. आता मला काठीनं हाणत व्हता. मला. न्हाई सोडत मी ह्याला.

सुगंधाबाई: घे मंग जीव. उद्या दहाव्याला न्हावी येणारच आहे, बामण येणारच आहे. एका मांडवात दोघांचं उरकू. मी कोणाकोणाचं रडू ते तेवढं सांगून ठेव.

सुग्रीव: घ्या, सोडला.

सुगंधाबाई: असं. पाठीवर थापट त्याच्या. श्वास घे, परम्या. घे.

परमेश्वर: काहून सोडला? धरायचं व्हतं न अजून.

सुग्रीव: बोलू नको. बोलला तर परत धरीन.

परमेश्वर: तू आला, तुझं तोंड दिसलं, आन् मला वाटलं, ह्यानं विचारायच्या आत ह्याला आडवा करावा. म्हणून मारलं. स्टेटसचा राग व्हता, पण तेवढा नव्हता.

सुग्रीव: आबाला कळलं व्हतं तर बोलला काहून न्हाई? एवढी वर्षं?

सुगंधाबाई: ते बी सांग.

परमेश्वर: म्हणला, माझ्या हाताचं भेव वाटलं मला. खरं काढलं असतं तर दुसऱ्या पोराला बी तसंच हाणलं असतं, घरात दोन बहिरे झाले असते. त्या दिवसापासून कोण्या लेकरावर हात न्हाई उचलला. पण तुला सांगायला जीभ उचलंना. तू समोर आला की मान खाली जायची.

सुग्रीव: मला वाटायचं मेंढरांपायी तोंड फिरवतो.

परमेश्वर: रडत व्हता रे म्हतारा. म्हणला, तुझ्या कानाला हात लावू दे एक बार.

सुग्रीव: मंग?

परमेश्वर: मी डोकं खाली केलं. त्यानं चाचपलं. ही डावी पाळी, वरून खालपर्यंत. तुझी फाटलेली आहे. माझी धडधाकट.

सुग्रीव: म्हंजी कळलं त्याला.

परमेश्वर: हात तसाच राह्यला कानावर. लई वेळ. मला वाटलं आता थुंकतो हा माझ्यावर. मंग म्हणला, परम्या का? मी म्हणलो, हा आबा. म्हणला, बरं झालं, तुझ्याच कानावर गेलं. आता तूच सांग त्याला. मी न्हाई पुरत.

सुगंधाबाई: आन् हा नऊ दिवस तोंड शिवून बसला.

सुग्रीव: उद्या सांगशील? दहाव्याला, सगळ्या भावकीसमोर? हा मेंढरमाऱ्या न्हाई, मी आहे म्हणून?

परमेश्वर: सांगन.

सुग्रीव: तुझा सासरा असंल तिथं. तुझी पोरं असतील.

परमेश्वर: सांगन म्हणलो न. डोकं भादरायच्या आधी सांगतो.

सुगंधाबाई: न्हाई सांगितलं तर मी आहे.

सुग्रीव: मी मासे बघत व्हतो, काकू. तो हे बोलत व्हता तव्हा मी कुठंतरी पाण्यात मासे बघत व्हतो. मी त्याला ऐकायला पाह्यजे व्हतं. मारायचं तर मारलं असतं, भांडलो असतो. पण ऐकलं तर असतं.

सुगंधाबाई: रड. रडून घे.

सुग्रीव: मी कुठं आहे ते इचारलं का त्यानं? शेवटी?

परमेश्वर: इचारलं. म्हणला, मंग सुग्र्या कुठं आहे? मी म्हणलो, दोस्तायसंगं गेलाय, लई लांब, समुद्राच्या पल्याड. फिरायला. मला वाटलं आता चिडतो.

सुग्रीव: चिडला?

परमेश्वर: न्हाई. म्हणला, मेंढरामागं तर न्हाई न?

सुग्रीव: तू काय म्हणला?

परमेश्वर: म्हणलो, न्हाई आबा. मेंढरामागं मी आहे.

सुग्रीव: मंग?

परमेश्वर: मंग म्हणला, फिरू द्या त्याला.