माझं दार कोणी झाडलं?

किनू : नाही म्हणजे नाही. मी येत नाही. हारुएला कळव, तू जेवून घे म्हणावं. आधी मला सांग, माझं दार कोणी झाडलं?

तामाए : अगं, चल ना. वर्षातून एकदा आपण तिघी बाहेर पडतो. ती बिचारी नदीकाठच्या सोबा शेवयांच्या दुकानात जागा धरून बसलीय. जेवायचं, लाल पानं बघायची, गप्पा मारायच्या. दार काय... झाडलं असेल कुणीतरी.

किनू : कुणीतरी? क्योतोच्या गल्लीत दुसऱ्याचं दार कुणीतरी झाडतं होय? ओत्सूला लेकीकडं जाऊन राहिलीस आणि एका उन्हाळ्यात विसरलीस?

तामाए : विसरले नाही गं. आपलं झाडायचं, आणि शेजारणीच्या हद्दीत वीतभर...

किनू : वीतभरच! त्याहून कमी म्हणजे चिक्कूपणा, त्याहून जास्त म्हणजे तिला तोंडावर आळशी म्हटल्यासारखं. लग्न होऊन आले तेव्हापासून तुझ्या हद्दीत वीतभर झाडत आले. कधी दोन विती गेले?

तामाए : नाही गेलीस.

किनू : आणि आता हे बघ. या खांबापासून त्या खांबापर्यंत एक पान शिल्लक नाही. काल पण असंच होतं, मला वाटलं वारा असेल. अख्खं दार कुणाचं झाडतात, ठाऊक आहे ना? समोरची ओनिशी म्हातारी गेली, तेव्हा आपण दोघींनी झाडलं होतं. घरात झाडणारं कुणी उरलं नाही म्हणून. मी काय मेले?

तामाए : शुभ बोल गं, किनू.

किनू : काय शुभ बोलू? ततामी चटया विणणाऱ्याच्या घरात भाड्याचे किमोनो. लोणचेवालीच्या घरात पाहुण्यांच्या बॅगा ठेवायची कपाटं. तुझ्या घराचं हॉटेल, परवाच उघडलं. राहिलं माझं एक दार, तर त्याला पण हात घातला. तो बघ, तुझ्याच दारातून निघाला मॅनेजर. अहो! तुम्ही! इकडं या जरा!

काशिवाबारा : नमस्कार, आजी. आज हवा किती प्रसन्न आहे.

किनू : आजी तुमच्या घरी. आणि हवेचं राहू द्या. माझं दार तुमच्या माणसांनी झाडलं का?

काशिवाबारा : हो, निशिओ-सान. आम्ही वारा फेकणारं यंत्र आणलंय. काही मिनिटांत संपूर्ण गल्ली स्वच्छ. आपल्याला एक येनही पडणार नाही.

किनू : म्हणजे पहाटे घोंघावतं ते तेच! मी म्हटलं, छपरावर विमान उतरलं की काय. आणि फुकट म्हणे! मी मागायला आले होते?

काशिवाबारा : आमचे पाहुणे सकाळी फोटो काढतात. गल्ली एकसारखी दिसली, की त्यांना...

किनू : काढतात, ठाऊक आहे. काल माझ्या हातात खराटा होता तर माझाच काढला, न विचारता. आज तो खराटाच काढून घेता?

काशिवाबारा : आपला गैरसमज होतोय. आम्ही आपल्या दाराला मुळीच हात लावणार नव्हतो. तामाए-सान यांनी विनंती केली म्हणून... नमस्कार, तामाए-सान! आपण सांगितलं होतं, त्याप्रमाणे रोज होतंय हं.

(किनू तामाएकडं वळते.)

किनू : तू?

तामाए : किनू, ऐकून तरी घे. हिवाळ्यात तू बर्फावर घसरून पडलीस. शेजारी राहून मला सांगितलं नाहीस, मला दूधवाल्याकडून कळलं. मग घराच्या कागदांवर सही करताना मी म्हटलं, शेजारी माझी मैत्रीण आहे, तिचंही झाडत जा. मला रात्री झोप लागत नव्हती गं.

किनू : घराबरोबर मला पण विकलंस.

तामाए : विकलं नाही! सोपवलं.

किनू : सोपवायला मी काय मांजर आहे? माझे गुडघे दुखतात, ते माझे आहेत. पडले तर माझ्या दारात पडले, माझी मी उठले. तुला झोप लागावी म्हणून गल्लीत माझं नाक कापायचं? येणारा-जाणारा काय म्हणेल? निशिओंचं घर संपलं, म्हातारीला खराटा उचलत नाही!

तामाए : येणारा-जाणारा ओळखीचा राहिलाय कुठं, असं म्हणायला?

किनू : मी आहे ना! मी म्हणते!

काशिवाबारा : निशिओ-सान, मी मनापासून क्षमा मागतो. उद्यापासून यंत्र आपल्या दारापुढे येणार नाही. बरोबर हद्दीवर थांबायला सांगतो.

किनू : हद्दीवर थांबायचं नाही. वीतभर पुढं यायचं. शेजारी आहात ना?

काशिवाबारा : वीतभर... म्हणजे साधारण किती सेंटिमीटर? मला वरिष्ठांना विचारावं लागेल.

किनू : ऐकलंस, तामा? माझ्या शेजाऱ्याला वीतभरासाठी वर विचारावं लागतं. जा बाबा, विचार जा. पाहुणे खोळंबले असतील तुझे.

काशिवाबारा : येतो. पुन्हा एकदा क्षमा असावी.

तामाए : चुकलं माझं. उद्या पहिल्या गाडीनं येते मी. माझ्या बाजूची वीत मी झाडेन.

किनू : कुठून झाडशील? तुझं दार कुठाय इथं?

तामाए : हो. तेही खरंच. मग मी काय करू, तू सांग.

किनू : झाडू नकोस. माझं मी झाडते. तू नुसती त्या खांबापाशी उभी राहा, आणि म्हण, आज गारवा आहे.

तामाए : एवढंच?

किनू : एवढंच. तू गेल्यापासून कुणी म्हटलं नाही.