नऊ वासरांचा दुसरा डोस

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या गोपालन गटाचे प्रमुख श्री. शैलेंद्र उपासनी, दवाखाना बंद ठेवून मुद्दाम आलेल्या पशुवैद्य डॉ. ट्रेसी, भोजन समिती एकहाती चालवणाऱ्या सौ. अंजूताई, व्यासपीठावरचे इतर मान्यवर, स्प्रिंगफील्ड लेक्समधल्या माझ्या बंधुभगिनींनो, आणि मागच्या दाराशी मोबाइलवर क्रिकेट बघत उभ्या असलेल्या तरुण मित्रांनो, आपणा सर्वांना पद्माकर धारूरकरचा सविनय नमस्कार.

अध्यक्षांनी आत्ता माझा परिचय करून दिला. मी 'गोधनाचा धन्वंतरी' आहे, असं ते म्हणाले. शैलेंद्र, माझी मान शरमेनं खाली गेली, कारण याच धन्वंतरीचे व्हॉट्सअॅपवरचे सतरा निरोप आपण वाचून तसेच सोडून दिले आहेत. निळ्या खुणा मला दिसतात हो. म्हातारा असलो तरी तेवढं कळतं. असो. आज निरोपाचा दिवस आहे, गोड बोलायचं ठरवून आलोय. सूनबाईंनी तशी तंबीच दिली आहे.

मी आणि सौ. नीला इथे आलो ते मार्च २०२० मध्ये, तीन महिन्यांसाठी. नातवाचं बारसं करायचं, कांगारू बघायचा आणि परत जायचं. बारसं झालं आणि जगाची दारं बंद झाली. तो नातू आता 'नो, आजोबा, माय टर्न' म्हणून माझ्या हातातला रिमोट ओढतो, एवढा काळ आम्ही इथे आहोत. या दोन वर्षांत तुम्ही आम्हाला काय दिलं नाही? औषधं आणून दिलीत, व्हिसा वाढवायला मदत केलीत, सणावाराला ताट वाढून दारात ठेवलंत. हे मी कधी विसरणार नाही. हे आधी सांगतो, कारण पुढे जे बोलणार आहे ते ऐकताना ते तुमच्या लक्षात राहायला हवं.

मी मराठवाड्यात आयुष्यभर गुरांचा डॉक्टर होतो. इथल्या कायद्यानं मी गुरांचा डॉक्टर नाही, रुचाचा सासरा आहे. हे योग्यच आहे. म्हणून औषधाचा निर्णय ट्रेसीबाईंचा आणि बडबड माझी, अशी आमची वाटणी होती. ट्रेसीबाई, रुचा तुमच्या कानात भाषांतर करतेय, त्यात ती माझे कडक शब्द गाळणार आहे. तुम्ही हसू नका, माझा चेहरा बघा म्हणजे कळेल.

तर पहिल्या लॉकडाऊनमध्ये सगळं जग घरात बसून केळ्याचा ब्रेड करत होतं. तुम्ही बारा कुटुंबांनी मिळून रोझवूड गावाच्या पुढे जमीन घेतली आणि गाई आणल्या. वशिंडवाल्या, लांब कानांच्या, थेट आपल्याकडच्या वाटाव्यात अशा. मला खरोखर भरून आलं होतं. लेकरांना गाय माहीत व्हावी, घरचं तूप मिळावं, किती चांगला विचार! पण गाई आल्या आणि त्यांच्या मागोमाग समित्या आल्या. चारा समिती, कुंपण समिती, नामकरण समिती. एका वासराचं नाव ठरवायला तीन दिवस मतदान चाललं आणि 'गुलकंद' हे नाव निवडून आलं. मी म्हटलं, नाव काहीही ठेवा, लस कधी देताय? उत्तर आलं, 'नो वरीज काका, अजेंड्यावर घेतलंय.'

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. फऱ्या नावाचा रोग आहे. आमच्याकडे कुणी एकटांग्या म्हणतं, इथे ब्लॅकलेग. त्याचे जंतू मातीत वर्षानुवर्षं पडून असतात आणि पाऊस झाला, जमीन उकरली गेली की वर येतात. रोग असा हलकट की हडकुळ्या वासराला सोडतो आणि धष्टपुष्ट वासराला धरतो. एकदा धरलं की उपचाराला सहसा वेळ मिळत नाही. मात्र लस आहे, आणि लस चांगली आहे. शंभर टक्के राखते का? नाही. गुरांचीच काय, माणसांची कुठली लस राखते? पण माझ्या नोकरीत ज्या गावात दर पावसाळ्याआधी नीट लसीकरण झालं, तिथे हा रोग मला क्वचितच दिसला. फक्त 'नीट' या शब्दाला अर्थ आहे. वासराला पहिल्यांदा दोन डोस लागतात, चार ते सहा आठवड्यांच्या अंतरानं. पहिल्या डोसनं शरीराची जंतूशी नुसती ओळख होते, दुसऱ्यानं ते त्याला लक्षात ठेवतं. पुढे दरवर्षी एक.

हे तुम्हाला समजावून सांगावं लागावं? तुम्हाला? ज्यांनी स्वतःच्या दुसऱ्या डोसचा दिवस गजर लावून पाळला, ज्यांच्या फोनमध्ये हिरवी खूण असलेलं सर्टिफिकेट आहे, जे बूस्टरसाठी भर उन्हात रांगेत उभे राहिले, त्या तुम्हाला?

ऑक्टोबरात, पुष्कळ विनवण्या केल्यावर, पहिला डोस झाला. मी तिथे होतो, लस थंडगार होती, सगळं उत्तम झालं. दुसऱ्या डोसची पिशवी गटाच्या सामायिक फ्रिजमध्ये ठेवली. दुसरा डोस नोव्हेंबरात, दिवाळीनंतर होता. नेमका त्या शनिवारी माझाच बूस्टर आला. मी तिकडे दंड पुढे करून बसलो आणि इकडे तुम्ही वासरांना टोचलंत. फोटो आले, अंगठे आले, 'वेल डन टीम' आलं. मीही एक फूल पाठवलं.

डिसेंबरात पाऊस झाला. एका सकाळी माझ्या मुलाला, यतिनला फोन आला, गुलकंद लंगडतोय. आम्ही गेलो. मी त्याच्या मागच्या मांडीवर हात ठेवला आणि कातडीखाली चरचर वाजलं. फऱ्याचा तो आवाज ज्यानं एकदा ऐकलाय त्याला पुढचं सांगावं लागत नाही. ट्रेसीबाई गाडी पळवत आल्या, पण उपयोग नव्हता. कुंपणापाशी तुमची मुलं उभी होती. एक छोटी मला विचारत होती, 'आजोबा, इज ही जस्ट टायर्ड?' मी आयुष्यात शेकडो जनावरं मरताना पाहिली आहेत, त्या मुलीला मात्र मी हाताला धरून कुंपणापासून लांब नेलं.

आणि मग काय झालं? मग मीटिंग झाली. पडद्यावर आलेख लावले गेले. एका तज्ज्ञानं सांगितलं, 'काका, दोन्ही डोस होऊन दगावलं ना? मग लशीची एफिकसी झीरो. डेटा इज डेटा.' अरे बाबा, एक वासरू म्हणजे डेटा? तू बँकेत नोकरीला आहेस, तिथे एका खातेदारावरून बँक बुडाली असं जाहीर करतोस का? मी म्हटलं, आलेख ठेवा बाजूला, मला ती उरलेली लस दाखवा.

ती कुठे होती? फ्रिजमध्ये नव्हती. वरच्या फ्रीझरमध्ये, दिवाळीतल्या श्रीखंडाच्या उरलेल्या डब्यांमागे, दगडासारखी गोठलेली. शनिवारी लागेल तेवढी वितळवून वापरली होती आणि राहिलेली जपून पुन्हा आत ठेवली होती!

ही लस गोठवायची नसते हो. पाकिटावर चित्र आहे, बर्फाच्या चांदणीवर फुली मारलेलं. गोठली की तिच्यातलं औषध सुटं होतं, गुठळ्या होतात आणि वितळवली तरी ती पुन्हा पहिल्यासारखी होत नाही. फाटलेल्या दुधाचं कुणी पुन्हा दूध करून दाखवेल का? म्हणजे वासरांना दुसरा डोस मिळालाच नव्हता. त्यांना गार पाणी टोचलं होतं म्हणा ना.

मी विचारलं, इथे कुणी ठेवली? एकेकानं खिशातून फोन काढला आणि त्यात डोकं घातलं. मला शिक्षा करायची नव्हती, फक्त कारण समजून घ्यायचं होतं. त्यावर आपण काय केलंत? उपसमिती नेमलीत. उपसमितीनं काय लिहिलं? 'लसीची परिणामकारकता संशयास्पद.' फ्रीझरचा उल्लेख नाही, श्रीखंडाचा नाही. कुणाला वाईट वाटू नये म्हणून तुम्ही लशीला खोटं ठरवलंत! मला राग कशाचा आला असेल तर याचा. चूक कुणाच्याही हातून होते. पण माणसाला सांभाळायला खरं गाडून टाकलं, तर पुढचं वासरू कशानं वाचवायचं?

रुचा खुणावतेय. आवाज चढला, माफ करा. पाणी पितो.

आता मुद्द्यावर येतो. वासरं नऊ उरली आहेत. मी हातापाया पडून पाच फेब्रुवारीला त्यांना पुन्हा पहिला डोस द्यायला लावला. दुसरा पाच मार्चला, शनिवारी. माझं विमान येत्या मंगळवारी. आणि आपल्या गटाचा निर्णय काय? 'विषय एप्रिलच्या बैठकीत घ्यावा.' एप्रिल! पाऊस थांबायचं नाव घेत नाही, जमीन भिजलेली आहे, आणि तो रोग तुमच्या बैठकीची वाट बघत बसणार आहे का? इथे मालकाला स्वतः लस टोचायची मुभा आहे. ट्रेसीबाई लस आणून देतील, पहिल्या खेपेला शेजारी उभ्याही राहतील. मला फक्त एक माणूस हवा आहे, जो म्हणेल, नऊ वासरं माझी जबाबदारी. समिती नको. एक माणूस.

कोण आहे?

शैलेंद्र, माइककडे नको, समोर बघा. मागचे तरुण मित्र, आता क्रिकेट राहू द्या. कुणीच नाही? मला भेट दिलेलं हे चांदीचं निरांजन मी आनंदानं घेईन, पण त्याआधी एक हात वर झालेला बघायचा आहे.

अंजूताई? तुम्ही का उभ्या राहिलात? जेवणाला वेळ आहे अजून. काय म्हणता? जरा मोठ्यानं बोला. त्यांना माइक द्या कुणीतरी.

मागे ऐकू आलं नसेल, मी सांगतो. अंजूताई म्हणतात, 'काका, लस फ्रीझरमध्ये मी ठेवली. फ्रिजमध्ये श्रीखंडाला जागा नव्हती. टीव्हीवर सारखं सांगत होते ना, व्हॅक्सिन मायनस सेव्हंटीला ठेवतात. मला वाटलं, जास्त थंड म्हणजे जास्त सेफ. गुलकंद गेला आणि मला तोंडच उघडता येईना. त्याला रोज पोळी मीच भरवायचे.'

बसू नका. रडा हवं तर, पण बसू नका.

अहो, तुम्ही निष्काळजीपणा केला नाहीत, काळजीच केलीत, पण चुकीच्या लशीची. मायनस सत्तरची लस वेगळी, ही वेगळी, हे तुम्हाला कुणी सांगितलं होतं? आम्ही कुणीच नाही. दोन महिने बारा घरं मिळून जे लिहू शकली नाहीत ते तुम्ही भरल्या सभेत सांगितलंत. मला तुमचा फार अभिमान वाटतो. शैलेंद्र, उपसमितीचं ते वाक्य आज खोडा. लस गोठली होती, असं सरळ लिहा. टाळ्या नकोत, खोडा.

काय म्हणता अंजूताई? तुम्हीच टोचणार? पण कधी सुई धरली नाही? मग या इकडे, वर या. हा माझ्या कोटाचा खांदा, ही वासराची मान समजा. कापड चिमटीत धरा आणि वर ओढा, तंबूसारखं. अजून. भिऊ नका, वासरू लाकडी खोड्यात अडकवलेलं असतं, कुठे जात नाही. आता सुई या तंबूच्या बुडाशी, आडवी, फक्त कातडीखाली. हं. ट्रेसीबाई, ठीक आहे ना? ट्रेसीबाई म्हणतात, परफेक्ट. पुन्हा करा. बघा, या वेळी मी न सांगता जमलं.

मंडळी, तुम्ही आम्हा दोघांना दोन वर्षं घरच्यासारखं जपलंत, त्याबद्दल मी आणि नीला तुमचे मनापासून ऋणी आहोत. बोलण्याच्या भरात कुणाला लागलं असेल, मान राखायचा राहिला असेल, तर या म्हाताऱ्याचं बोलणं पोटात घाला. अध्यक्षमहाराजांची परवानगी घेऊन मी माझे शब्द आवरतो. धन्यवाद.

अंजूताई, झालं आता. सोडा कोट. सोडा, बाळ.